सोळा तासांची विश्रांती

घरापासून दोन मिनिटांवरच्या सिग्नलला गाडी थांबली. पुढच्या बसच्या मागल्या काचेवर कुणीतरी धुळीत बोटाने काढलेलं तोंड तिच्याकडे बघून हसत होतं, आणि तेवढ्यात तिला तो आवाज ऐकू आला. टिक टिक टिक टिक. बारीक, कोरडा, घाईत असलेला. तिला वाटलं, इंडिकेटर चालू राहिलाय. नव्हता. मग वाटलं, मनगटावरचं घड्याळ. पण इतक्या घाईत कुठलंच घड्याळ नसतं. तिने काच खाली केली, आवाज किंचित मोठा झाला. वर केली, किंचित लहान झाला. ॲक्सिलरेटरवर पाय टेकवला तर आवाजही पळायला लागला. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न मारला, आणि एकोणीस वर्षं लोकांचे कान तपासून पोट भरणारी ही बाई मान वाकडी करून, डावा कान इंजिनाकडे लावून, तशीच चौक पार करून गेली. हॉस्पिटलच्या फाटकाशी पोचली तेव्हा आवाज नव्हता. केव्हा थांबला तेही तिला सांगता आलं नसतं.

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला. खोलीच्या आत आणखी एक खोली, जाड भिंतींची, फ्रिजसारखं दार बंद होणारी, मधे दुहेरी काच. आत पेशंट, बाहेर ती. पेशंटच्या कानांवर हेडफोन, हातात बटण. ‘आवाज आला की दाबायचं. अगदी बारीक आला तरी दाबायचं. नाही आला तर दाबायचं नाही.’ ही तीन वाक्यं तिने इतक्या वेळा म्हटली होती की कधी कधी झोपेतही ती पुटपुटायची, असं नवरा सांगत असे. म्हणजे पूर्वी सांगत असे. पेशंट तिला कानवाल्या बाई म्हणत. कानवाल्या बाईंची ख्याती अशी की त्यांना फसवता येत नाही. कारण लोक फसवतात. मुद्दाम नव्हे, बिचारे पास व्हायला बघतात. काही जण काचेतून तिच्या कोपराकडे बघत राहतात. कोपर हललं की इकडे बटण दाबलं. काही जण तिच्या चेहऱ्याकडे बघतात. आणि काही जण आवाज नसतानाच दाबतात, आता येऊन गेला असेल, आपलाच चुकला असेल, या भीतीने. त्या दाबण्याला तिच्या खात्यात नाव होतं: फुकटचं बटण. ती मधेच आवाज बंद करून नुसती थांबायची, कपाळावर आठीही न आणता, आणि आतून फुकटचं बटण आलं की कागदाच्या कोपऱ्यात एक छोटी फुली मारायची. खरं ऐकलेला माणूस दाबायला जरा उशीर करतो. त्याच्या भुवया आधी वर जातात, मग अंगठा. फुकटचं बटण मात्र अगदी वेळेवर येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर टिकटिक आली, आणि हॉस्पिटल येईपर्यंत विरून गेली. तिसऱ्या दिवशी तेच. यात काय ते कळायला एखाद्या साध्या माणसाला दोन दिवस पुरले असते, पण ती साधी माणूस नव्हती, तिला कानाबद्दल माहिती होती. एकच आवाज सतत येत राहिला की कान सरावतो आणि मग तो ऐकूच येत नाही. पंख्याचा आवाज आपल्याला कुठे ऐकू येतो? तेव्हा आवाज थांबत नाही, आपला कान थकतो, असं तिने स्वतःला समजावलं आणि ते स्पष्टीकरण तिला इतकं पटलं की तिने दुसरं शोधलंच नाही. शहाण्याला शहाणपण नडतं ते असं. त्यातून तिला कुतूहल होतं, आणि कुतूहलाची एक खोड असते, त्याला उत्तरापेक्षा प्रश्नाजवळ बसायला जास्त आवडतं. सकाळी किल्ली फिरवताना ती आता श्वास रोखून धरायची. आवाज सेकंदाला किती वेळा येतो, उजवीकडून येतो की डावीकडून, किती पट्टीचा आहे. साधारण तीन-चार हजार हर्ट्झचा, तिने ठरवलं. जिथे माणसाचा कान सगळ्यात आधी मार खातो, नेमका तिथला.

आणि तिथेच ती घाबरली. कारण आईचं असंच सुरू झालं होतं. आई तेव्हा बावन्न वर्षांची होती. शिवणयंत्रावर वाकलेली आई एकदम थांबून म्हणाली होती, ‘कोण गं दाणे निवडतंय आत?’ आत कुणीच नव्हतं. पुढची दोन वर्षं आईच्या कानात कुणीतरी दाणे निवडत राहिलं, आणि मग निवडणारंही गेलं, दाणेही गेले, यंत्राचा आवाज गेला, लेकीचा आवाज गेला. आई शेवटपर्यंत हसतमुख होती, हे लोक कौतुकाने सांगत. ती हसायची कारण कुठे हसायचं ते तिला कळत नसे, म्हणून ती सगळीकडेच हसायची. आई गेल्यावर तिने या कामाचं शिक्षण घेतलं. आणि आता तिला स्वतःला बावन्नावं लागायला चार महिने होते.

तिने नवऱ्याला विचारलं. रविवारी सकाळी त्याला खाली नेलं, बॉनेट उघडून त्याला समोर उभं केलं आणि आत बसून गाडी सुरू केली. टिक टिक टिक टिक, इतका स्पष्ट की तिला वाटलं वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावेल. ती बाहेर आली. नवरा इंजिनाकडे बघत होता. तो मोजणी खात्यात नकाशे काढायचा. कुठल्याही गोष्टीकडे तो वरून, अंतर राखून बघायचा, इंजिनाकडेही तसाच.

“येतोय ना?” तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे बघितलं. “काय?”

“आवाज. टिकटिक.”

चष्मा सावरून तो पुन्हा वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. “नाही बुवा. मला तर काही ऐकू येत नाही. गाडी गाडीसारखी वाजतेय.”

तिला त्याचा राग आला आणि लगेच भीती वाटली. भीती रागापेक्षा मोठी होती म्हणून तिने नुसतं बॉनेट लावून टाकलं. गेलं वर्ष-दीड वर्ष तो असाच झाला होता. काही सांगायला जावं तर टक लावून तिच्या तोंडाकडे बघायचा, जणू ती कधी संपवतेय याचीच वाट बघतोय. आणि संपलं की ‘हं’. पाठमोरा असला तर तेही नाही. टीव्ही त्याने सोडला होता, डोळ्यांना त्रास होतो म्हणे. मुलीचा फोन आला की दोन शब्द बोलून ‘हे घे, आईशी बोल’ म्हणून फोन तिच्या हातात. या कानाने ऐकायचं, त्या कानाने सोडायचं, असे नवरे तिने पाहिले होते, पण आपला तसा होईल असं वाटलं नव्हतं. एकदा रात्री जेवताना ती मुद्दाम म्हणाली होती, आपण दोघं आता भाडेकरूंसारखे राहतो. तो पाणी ओतत होता. ओतून झाल्यावर त्याने तांब्या नीट जागेवर ठेवला आणि शांतपणे जेवायला लागला. त्या दिवसापासून तिने ठरवलं होतं की याला आता काही बोलायचं नाही, आणि तरीही आवाजाबद्दल ती पहिल्यांदा त्यालाच विचारायला गेली. सव्वीस वर्षांची सवय, दुसरं काय.

मिस्त्रीकडे ती दोनदा गेली. गॅरेज शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पाऊण तासाच्या रस्त्यावर. मिस्त्री साठीचा, भुवया पांढऱ्या आणि नखं कायमची काळी. त्याने लांब पेचकस घेतला, त्याचं टोक इंजिनावर ठेवलं, मूठ कानाशी लावली आणि डोळे मिटले. तिला ते बघून बरं वाटलं. हा आपल्याच जातीचा माणूस, असं वाटलं. त्याने जागा बदलत बदलत सगळं इंजिन ऐकलं. पहिल्या वेळी म्हणाला, “टॅपेट जरा ढिले आहेत, ते आवळतो, तेल बदलतो.” दुसऱ्या वेळी पुन्हा सगळं ऐकून पेचकस खाली ठेवला आणि हात पुसले.

“ताई, राग मानू नका. गाडी ठणठणीत आहे. या इंजिनात टिकटिक असली तर मी मिशी उतरवीन.”

त्याला मिशी नव्हती, पण हे हसण्यावारी न्यायला तिला जमलं नाही. खरंच, त्या क्षणी तिलाही काही ऐकू येत नव्हतं. येताना रस्ताभर आला नव्हता. घराजवळ मात्र आला होता, त्याची तिला शपथ घेता आली असती. दोन साक्षीदार, दोघंही म्हणतात आवाज नाही. तिसरी ती, आणि तिचा खटला तिनेच ऐकायचा. सोसायटीच्या वॉचमनला विचारता आलं असतं. तो गाडीपासून दहा पावलांवर बसतो. पण तोही नाही म्हणाला तर? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. तिच्यामागे तो टिकटिक करत चालला होता.

रोज सकाळी पहिला पेशंट येण्याआधी तिला यंत्र तपासावं लागे, आणि ते तपासायचं असे स्वतःच्या कानांनी. हेडफोन लावायचे, ठरलेले आवाज ठरलेल्या क्रमाने ऐकायचे, सगळे आले की वहीत सही. आता तिला त्या सहीची लाज वाटायला लागली. क्रम तिला पाठ होता. कुठला आवाज कधी येणार हे ठाऊक असलेल्या माणसाने तो ऐकला याला काय अर्थ? पेपर काढणाऱ्यानेच पेपर सोडवायचा. फुकटची बटणं आपणच तर दाबत नाही ना? आपले कान गेले असतील तर या सहीखाली किती जणांचे आलेख गेले? कुणाला कानाचं यंत्र लागत होतं त्याला नाही म्हटलं, कुणाचं लहान मूल ऐकतंय असं म्हटलं? सहकारिणीला सांगून आत बसायचं, बटण हातात घ्यायचं, वीस मिनिटांचं काम. पण कागदावर एकदा रेघ खाली गेली की ती पुन्हा वर काढता येत नाही. मग तिला रेकॉर्डच्या टेबलावर बसवतील, फायली लावायला, आणि कुणीतरी तिच्याशी तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करून बोलेल. ती स्वतः तशीच बोलायची लोकांशी. प्रेमाने बोलायची. तेच तर वाईट होतं.

मग तो पत्र्याच्या कारखान्यातला कामगार आला. कारखाना दरवर्षी आपल्या माणसांना तपासणीला पाठवी, आणि दरवर्षी त्यांतले दोन-चार थेट पाळी संपवून येत. तिने नेहमीसारखं विचारलं, “कामावरून आलात की घरून?”

“कामावरून. जाता जाता उरकून टाकू म्हटलं.”

“मग आज नाही होणार. रात्रभर मशीनपाशी होतात, कान सुन्न असतात. सोळा तास विश्रांती द्या कानांना आणि या.”

तो माणूस काही हट्टी नव्हता, पण त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. खुर्चीत तसाच बसून त्याने विचारलं, “बाई, एक सांगा. मी कामावरून आलो तर बहिरा, झोपून आलो तर चांगला. मग खरा मी कुठला?”

“झोपून आलेले,” ती म्हणाली. हे उत्तर तिच्याकडे तयार होतं, किती तरी वर्षांचं. “थकलेला कान जे दाखवतो ते खरं नसतं. ताज्या कानात जे राहतं ते खरं.”

तो निघून गेला. तिने पुढच्या पेशंटला हाक मारायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. गाडी. गाडी प्रत्येक वेळी कामावरून गेली होती. पाऊण तास पळून, तापून, थेट पेचकसाखाली. ती स्वतः तिला चालवत नेत होती, रस्ताभर कान देत होती, आणि आवाज थांबला की म्हणत होती माझा कान सरावला. कान कशाला सरावेल? सरावली असेल ती गाडीच. सकाळी, रात्रभर झोपून उठलेली गाडी टिकटिकते. तापली की गप्प होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिला इतकं हसू आलं की रांगेतली एक म्हातारी आपल्याकडे बघूनच हसतायत असं समजून पदर सावरायला लागली. हसताहसता तिच्या लक्षात आलं की हे फक्त एक अनुमान आहे. रविवारी नवरा उभा होता तेव्हाही गाडी झोपूनच उठली होती, आणि तो नाही म्हणाला होता. हा एक धागा काही केल्या बसत नव्हता. तिने तो तसाच सोडून दिला.

शनिवारी संध्याकाळी तिने गाडी गॅरेजात नेऊन ठेवली आणि मिस्त्रीला बजावलं, सकाळी मी येईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही. मिस्त्रीने विचारलं, का? तिने त्याला कामगाराची गोष्ट सांगितली. तो ऐकत राहिला, मग स्वतःच्या कपाळावर त्याने काळा हात मारला. “अहो, हे मी विचारायला पाहिजे होतं. थंड असताना वाजते का, हा पहिला प्रश्न. शिकाऊ असताना मार खाल्लाय याच्यावरून.” तिला त्याचं कौतुक वाटलं. इतकी वर्षं झाली की पहिला प्रश्नच विसरतो माणूस, हे तिच्याही बाबतीत खरं निघणार आहे हे तिला तेव्हा कुठे माहीत होतं.

सकाळी ती नवऱ्याला घेऊन बसने गेली. तो यायला फारसा राजी नव्हता, पण ती म्हणाली, तू चल, मला साक्षीला माणूस हवंय, तेव्हा त्याने मुकाट्याने बूट घातले. बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत होता, ती त्याच्या शेजारी बसून काय काय बोलत होती, आणि त्याने एकदाही मान वळवली नाही. गॅरेजचं शटर नुकतंच वर गेलं होतं. गाडीच्या काचांवर दव होतं. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, दोघांना समोर उभं केलं, आत हात घालून किल्ली फिरवली.

टिक टिक टिक टिक.

“आहे!” मिस्त्री ओरडला. “ताई, आहे! वा रे पठ्ठ्या, इतके दिवस तोंड शिवून बसला होतास काय!”

बाजूच्या टायरच्या चळतीवर हात टेकून ती उभी राहिली. आवाज जगात होता. तिच्या डोक्यात नव्हता, आईकडून आलेला नव्हता. लोखंडात होता, तिथे तो नट-बोल्टांच्या मधे खरोखर वाजत होता आणि दुसऱ्या माणसाला ऐकू येत होता. आजवर कुणी तिला इतकी मोठी भेट दिली नव्हती.

“आता कुठल्या घरातून येतोय ते बघू,” मिस्त्री म्हणाला. “चार सिलिंडर आहेत. एकेकाची ठिणगी तोडतो. ज्याची तोडल्यावर टिकटिक थांबेल, तो चोर.” त्याने पहिली वायर काढली. इंजिन लंगडलं, टिकटिक चालूच. वायर परत लावली, दुसरी काढली. चालूच. तिसरी काढली, आणि इंजिन थरथरलं, पण टिकटिक साफ थांबली. पाण्याचा नळ बंद करावा तशी. सापडला! तिने आनंदाने नवऱ्याकडे वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काय असेल ते असो, नवऱ्याने ते पाहिलं, आणि त्याचाही चेहरा उजळला.

“हो गं,” तो मान डोलवत म्हणाला. “आता आला. आता अगदी स्पष्ट येतोय.” आणि बोटाने हवेत ताल धरून त्याने तिला दाखवलं, “टिक, टिक, टिक.”

इंजिन नुसतं थरथरत होतं. मिस्त्रीने तिसरी वायर परत लावली. टिकटिक पुन्हा सुरू झाली, आणि नवऱ्याचं बोट, आपलं काम झालं असं समजून, हळूच खाली आलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतकं वेळेवर, इतकं नेमकं फुकटचं बटण तिने एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि मग सगळं एकदम, कुणीतरी कपाट उघडल्यावर अंगावर कोसळावं तसं. त्याचं टक लावून बघणं. तिचे ओठ बघत होता तो. मुलीचा फोन. टीव्ही. पाठमोरा असतानाची शांतता. भाडेकरूंसारखे राहतो, हे वाक्य त्याला पोचलंच नव्हतं. त्याने फक्त पाणी ओतलं होतं. दिवसाला वीस कान तपासणाऱ्या बाईच्या घरात, तिच्याच शेजारच्या उशीवर. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इतका? तिला स्वतःची लाज वाटली, त्याची दया आली, आणि खरं सांगायचं तर त्या दोन्हींच्या आधी, अगदी आधी, तिला आनंद झाला. तो ऐकून सोडून देत नव्हता. त्याला ऐकूच येत नव्हतं.

मिस्त्री खाली वाकून बॅटरीच्या उजेडात काहीतरी बघत होता. “हे बघा. इंजिनातला जळका धूर ज्या बिडाच्या नळीतून बाहेर जातो ना, तिला आवळून धरणारा हा स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, तुटलाय. थंड असताना इथे फट राहते, धूर फुसकन बाहेर येतो, त्याची ही टिकटिक. बीड तापलं की फुगतं, फट बुजते, आवाज बंद. हात समोर धरा, कळेल. लावू नका हं, नुसता समोर.”

तिने तळहात धरला. बारीक बारीक फुंकर, भराभर, एकामागून एक. मग तिने नवऱ्याचं मनगट पकडलं आणि त्याचा तळहात तिथे आणला. तो काही विचारणार होता, पण थांबला. आधी त्याच्या भुवया वर गेल्या.

“अरे!” तो म्हणाला. “हे आहे की खरंच! केवढं भराभर!” तो हात काढेना. तिच्याकडे न बघता, इंजिनात बघत, एखाद्या शाळकरी मुलासारखा तो वाकून उभा होता.

मिस्त्रीला तीन तास लागणार होते. तुटलेला स्टड आत अडकला होता, तो भोक पाडून काढायचा, नवा बसवायचा, मधलं गॅस्केट बदलायचं. दोघं बाहेरच्या बाकावर बसली. आत ड्रिल सुरू झालं, थांबलं, सुरू झालं. ती आधी त्याच्या डावीकडे बसली होती. मग उठली आणि समोर, उलट्या डब्यावर बसली, त्याला तिचं तोंड दिसेल अशी.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“काय कधीपासून?” मग त्याने तिच्याकडे नीट बघितलं आणि सोंग टाकून दिलं. “दोन वर्षं होतील. आधी पक्षी गेले. मग कुकरची शिट्टी. मग बायकांचे आवाज. पुरुषांचे अजून बरे येतात.”

“आणि मला सांगितलं नाहीस. मला!”

“तुलाच कसं सांगणार?” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणाची बायको असतीस तर पहिल्या दिवशी सांगितलं असतं. तू लोकांशी कशी बोलतेस ते मी पाहिलंय. एकदा डबा द्यायला आलो होतो. हळू, मोठ्याने, लहान मुलाला सांगावं तसं. चांगली बोलतेस. पण मला वाटलं, हिने आपल्याशी असं बोलायला सुरुवात केली की संपलं. मग मी घरातला पेशंट. मला तुझी चिडचिड चालत होती. ती निदान नवऱ्यावरची होती.”

तिला रडू आलं. तिने ते लपवलं नाही, लपवून उपयोगही नव्हता, तो तर आता चेहरेच वाचत होता. “मला वाटत होतं तुला मी नकोशी झालेय,” ती म्हणाली.

त्याने कपाळाला आठ्या घातल्या. “काय?”

ड्रिल चालू होतं. तिच्या जिभेवर तो आवाज आलाच होता, हळू, मोठ्याने, शब्द सुटे करून. तिने तो गिळला. ड्रिल थांबायची वाट बघितली, त्याचं लक्ष आपल्या तोंडाकडे आहे हे पाहिलं, आणि नेहमीच्या आवाजात, थोडी चिडूनच, तेच वाक्य पुन्हा म्हणाली.

“वेडी आहेस,” तो म्हणाला.

दुपारी मिस्त्रीने गाडी सुरू केली. इंजिन थंड होतं आणि टिकटिक नव्हती. तिने बराच वेळ ऐकलं. नवरा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता; उत्तर फक्त तिथेच मिळणार होतं.

“गेला?”

“गेला.”

“मग आता माझी तारीख घे,” तो म्हणाला. “पण एक. काचेपलीकडे तू बसायचं नाहीस. दुसऱ्या कुणाला बसव.”

तिच्या तोंडाशी आलं होतं की माझ्याइतकं नेमकं कुणी तपासत नाही, आणि ते खरंही होतं. ती हो म्हणाली.

बुधवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारच्या पाळीतल्या सहकारिणीला तिने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. नवरा आत जायला निघाला आणि दारात थांबला. हेडफोन लावायच्या आधी चष्मा काढावा लागतो. तिने काचेतून हजारो लोकांना खुणेने तसं सांगितलं होतं. त्याला कुणी सांगायच्या आतच त्याने तो काढला. चष्म्याशिवाय त्याला दोन हातांवरचा चेहराही धड दिसत नाही. कुणाचं कोपर दिसणार नव्हतं, कुणाचे ओठ दिसणार नव्हते. हे त्याला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक होतं. त्याने चष्मा तिच्या हातात दिला, चाचपडत चौकट ओलांडली आणि दार फ्रिजसारखं बंद झालं.

ती बाहेर, नातेवाइकांच्या बाकावर बसली. या बाकावर ती आजवर कधी बसली नव्हती. शेजारी एक बाई होती, तिचा मुलगा पुढच्या नंबरला होता. “वेळ लागतो का हो?” तिने विचारलं. “नाही, वीस मिनिटं,” ती म्हणाली. चष्म्याच्या एका काचेवर रविवारच्या ग्रीसचा पुसट ठसा राहिला होता. तिने तो रुमालाने पुसला, उजेडात धरून पाहिला, पुन्हा पुसला. मग तिने कान दिला. भिंती जाड होत्या, दार चांगलं होतं, आणि आत चाललेलं काही म्हणजे काही तिला ऐकू येत नव्हतं. ती चष्मा मांडीवर धरून बसून राहिली.